आजीनं चंद्रावर धाडलेली गोगलगाय

पत्र असं आहे:

"माझी मुलगी सव्वापाच वर्षांची आहे. तिचं एक लाडकं चित्रांचं पुस्तक आहे. एका चिमुकल्या गोगलगायीला अंतराळात जायचं असतं. ती पाचोळ्यात पडलेल्या काचेच्या बरणीचं रॉकेट करते आणि त्यात चढून बसते. शेवटच्या पानावर गवतात रिकामी बरणी आणि वर भलामोठा चंद्र, एवढंच. गेले तीन महिने रोज रात्री आम्ही तेच वाचतो आहोत.

पंधरा दिवसांपूर्वी लेकीनं कुंडीतली गोगलगाय बरणीत घातली, झाकण लावलं आणि 'अंतराळवीराचं ट्रेनिंग' म्हणत बरणी खिडकीत ठेवली. आम्हाला कोण कौतुक! मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. लेक झोपल्यावर मी ती गोगलगाय टाकून दिली आणि बरणी धुऊन परत खिडकीत ठेवली. सकाळी तिनं विचारलं, तेव्हा माझी आई पटकन म्हणाली, 'अगं, ती गेली की चंद्रावर! रात्री मी पाहिलं ना.' मी नुसती मान डोलावली.

बायको रात्रपाळीहून आली, तिला हे कळलं आणि ती भडकली. तिचं म्हणणं, खरं काय ते सांगा आणि ते पुस्तक माळ्यावर टाका. आई म्हणते, एवढ्याशा जिवाला आत्तापासून मरण कशाला दाखवायचं, तुलाही मी असंच वाढवलं. लेक रोज रात्री खिडकीतून चंद्राला टाटा करते. काल म्हणाली, 'बाबा, आता दुसरी पाठवूया का? तिला तिथं एकटं वाटत असेल.' मी काय करू?"

नमस्कार.

आधी ती बरणी खिडकीतून उचला. माझं पुढचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल. लेक तुमच्या होकारासाठी थांबेलच असं नाही. कुंडीत दुसरी गोगलगाय सापडली, तर उद्या दुपारपर्यंत ती 'पाठवून' झालेली असेल.

उचललीत? मग आता बोलू.

तुमच्या आईंच्या मनात काही वाईट नव्हतं. नातीचा चेहरा पडलेला बघवत नाही, तोंडातून काहीतरी निघून जातं. वेळ मारून नेणारी अशी थाप मी मारलेली आहे, तुम्हीही मारली असेल. पण 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतात ना, तशातली ही थाप आहे. दिसायला अगदी गरीब, आणि पंधरा दिवसांत घरभर फिरून आली. जरा लेकीच्या जागी बसून बघा. तिनं एक प्रयोग केला: गोगलगाय बरणीत घातली, झाकण लावलं, खिडकीत ठेवली. प्रयोग यशस्वी झाला. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं तो डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं, बापानं दुजोरा दिला. मग दुसरी का पाठवू नये? तिनं काढलेल्या निष्कर्षात कुठेही चूक नाही. उलट पहिलीला एकटं वाटेल याचा विचार करण्याइतकी ती मायाळू आहे. चूक तिला मिळालेल्या माहितीत आहे, आणि ती तुम्ही दोघांनी दिलीत.

'आजोबा तारा झाले' ही थापही मला फारशी आवडत नाही, पण तिच्यात निदान हा धोका नाही. तारा व्हायला कुणी दुसऱ्या आजोबांना पाठवायला निघत नाही.

तेव्हा खरं सांगायचं, यात तुमच्या पत्नीचं बरोबर आहे. पुस्तक माळ्यावर टाकायचं, यात नाही. त्याकडे पुढे येते.

सांगायचं कुणी? तुम्ही. पत्नीनं सांगितलं तर लेकीच्या डोळ्यांदेखत आईनं आजीला खोटं पाडलं असं होईल, आणि पुढची कित्येक वर्षं त्या घरात 'खरं सांगणारी आई' आणि 'लाड करणारी आजी' असे दोन पक्ष राहतील. शिवाय मान तुम्ही डोलावली होती.

पण लेकीच्या आधी आईंशी बोला. एकटे बसून, आवाज न चढवता. त्यांना एक गोष्ट सांगा, कारण असली थाप मारणाऱ्या त्या पहिल्या नाहीत. या बाबतीत त्यांना एका अख्ख्या देशाची सोबत आहे. १९५७ साली ३ नोव्हेंबरला सोव्हिएत संघानं स्पुटनिक-२ या यानातून लायका नावाची कुत्री पृथ्वीभोवती फिरायला पाठवली. ती मॉस्कोच्या रस्त्यांवरची भटकी कुत्री. यान परत आणायची सोयच केलेली नव्हती, म्हणजे ती परतणार नाही हे पाठवणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. जगाला सांगितलं गेलं की ती काही दिवस ठणठणीत होती आणि मग तिला वेदनेशिवाय मरण आलं. ही गोष्ट सुमारे ४५ वर्षं चालली. २००२ मध्ये एका रशियन शास्त्रज्ञानं परिषदेत उघड केलं की उड्डाणानंतर ५ ते ७ तासांतच लायका मेली होती. यानाची आतली जागा बेसुमार तापली होती. बंद डबा आणि बाहेर पडायला वाट नसलेली उष्णता. तुमच्या खिडकीत जे झालं तेच, फक्त पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर वर. या कुत्र्यांना तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये, म्हातारपणी, जाहीरपणे खंत बोलून दाखवली होती. त्या मरणाचं समर्थन करता येईल एवढं काही आपण त्यातून शिकलो नाही, असा त्यांचा सूर होता.

ही गोष्ट लेकीला आत्ता नको. आईंना सांगा. मऊ थापेखाली झाकलेलं कधीतरी बाहेर येतं, आणि तेव्हा मूळ दुःखापेक्षा 'आपल्याला सांगितलं नाही' हेच जास्त बोचतं. मी सहा-सात वर्षांची असताना काजवे बाटलीत भरून उशाशी ठेवले होते. सकाळी बाटली रिकामी. 'उडून गेले गं,' असं मला सांगितलं गेलं. बूच तर घट्ट होतं. मी ते बूच हातात घेऊन बराच वेळ बसले होते, हे मला अजून आठवतं. काजव्यांचा उजेड मात्र आठवत नाही. तुमच्या आई म्हणतात, तुलाही असंच वाढवलं. तुम्हालाही असं एखादं बूच आठवत असेल. ते त्यांना सांगा. दोष देण्याच्या सुरात नको, नुसतं सांगा.

आता लेकीशी बोलणं. ते रात्री झोपताना नको, आणि पुस्तक हातात घेऊनही नको. सुट्टीच्या दिवशी सकाळी बोला, म्हणजे तिला पुढे अख्खा दिवस मिळेल रडायला, विचारायला आणि मग खेळायला. साधारण असं:

"मला तुला एक खरं सांगायचंय. ती गोगलगाय चंद्रावर गेली नाही. ती बरणीत मेली. बरणी उन्हात खूप तापली, आणि झाकण होतं म्हणून आतली गरम हवा बाहेर येऊ शकली नाही. तुला हे माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, मी लक्ष दिलं नाही. आणि ती मेली तेव्हा तुला सांगायचं मला धाडस झालं नाही, म्हणून मी खोट्याला मान डोलावली."

बस. एवढंच. मग गप्प बसा. सगळ्यात अवघड भाग हाच आहे, कारण तुम्हाला लगेच आइस्क्रीमचा विषय काढावासा वाटेल.

'मेली' हाच शब्द वापरा. 'गेली' नको, 'झोपली' नको. 'झोपली' म्हटलं की रात्री मुलं झोपायला घाबरतात. आणि 'गेली'ची तर आपल्या भाषेत गंमतच आहे. मोठ्यांच्या तोंडी 'ती गेली' याचा अर्थ मेली. त्यामुळे तुमच्या आईंचं अर्धं वाक्य खरंच होतं म्हणा! पण पाच वर्षांच्या कानाला 'गेली' ऐकलं की पुढचा प्रश्न 'कुठे?' हाच असतो, आणि मग कुठलं तरी ठिकाण द्यावं लागतं. आईंनी चंद्र दिला.

"तुझी काहीच चूक नाही," असं घाईघाईनं म्हणू नका. झाकण आपण लावलं होतं हे तिला माहीत आहे. ते नाकारलंत तर तिला एकतर तुमचं खोटं वाटेल, किंवा जे घडलं ते बोलण्याच्याही पलीकडचं भयंकर होतं असं वाटेल. "तुला माहीत नव्हतं, तू मुद्दाम केलं नाहीस," हे खरंही आहे आणि पुरेसंही. तुमच्या स्वतःच्या वाट्याचं मात्र स्पष्ट बोला. तीन दिवस ती बरणी सगळ्या मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर होती आणि तुम्ही तिचा फोटो काढलात. रागावून सांगत नाहीये. फोटो मीही काढला असता.

"मग आजीनं पाहिलं ते?" असं ती विचारेल. शंभर टक्के विचारेल. उत्तर: "तुला रडताना आजीला बघवत नाही, म्हणून ती तसं म्हणाली. ते खरं नव्हतं." आई तयार असतील तर त्या स्वतःच म्हणू देत. आजीनं नातीजवळ 'माझं चुकलं बाळा' म्हणणं ही छोटी गोष्ट नाही, त्यामुळे आग्रह धरू नका. पण बोलण्याच्या वेळी त्या त्याच खोलीत असल्या तर बरं.

"ती आता कुठाय?" याचंही खरं उत्तर द्या. कचऱ्यात टाकली असेल तर तसं सांगा. "तेव्हा मला सुचलं नाही, तुला विचारायला हवं होतं." दुसरा एखादा रिकामा शंख शोधून 'हीच ती' म्हणत पुरण्याचा कार्यक्रम कृपा करून करू नका. एक थाप निस्तरताना दुसरी उभी राहील. तिला वाटलं तर ती चित्र काढेल आणि ते कुंडीत खोचेल. नाही वाटलं तर नाही.

साधारण या वयात मुलांना हळूहळू उमगायला लागतं की मेलेला जीव परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही. हे एका बैठकीत होत नाही. दोन-तीन आठवडे ती मधूनच विचारेल, "तिला अजून गरम होतंय का?" दर वेळी तेच साधं उत्तर द्या: नाही, तिला आता काही होत नाही. आणि कदाचित पाचव्या मिनिटाला ती खेळायला पळेल. तो कोरडेपणा नव्हे, मुलं दुःख असंच घोट-घोट पितात. मात्र झोप, खाणं, शाळा यांवर आठवडेच्या आठवडे परिणाम दिसत राहिला, तर डॉक्टरांशी बोला.

आता पुस्तक. ते मी पाहिलेलं नाही, तुमच्या वर्णनावरूनच सांगते. त्याला शिक्षा कशाची? मेलेली गोगलगाय आणि माळ्यावर टाकलेलं पुस्तक यांची सांगड लेक अशी घालेल की अंतराळाचं स्वप्न बघणं हाच अपराध होता. ते खालच्या फळीवर, तिच्या हाताला लागेल असं ठेवा. ती महिनाभर त्याला हात लावणार नाही किंवा त्याच रात्री मागेल. मागेल तेव्हा वाचा, आणि गोगलगाय बरणीत चढते त्या पानावर नेहमीपेक्षा थोडे जास्त थांबा. चित्रांच्या पुस्तकात अर्धी गोष्ट शब्द सांगत नाहीत, चित्र सांगतं. तिथं बघायचं ते एवढंच: बरणीत जायचं कुणाला होतं? तुम्हीच लिहिलंय की ती स्वतः चढून बसते. कुंडीतल्या गोगलगायीला कुणी विचारलं नव्हतं. तिला ओली माती, सावली आणि एखादं पान हवं होतं. हे तुम्ही सांगू नका. विचारा आणि थांबा. माझा अंदाज, ती तुमच्या आधी म्हणेल.

शेवटच्या पानावर तिनं 'ही पण मेली का?' असं विचारलं, तर ते पुस्तक जाणूनबुजून मोकळं ठेवलंय. तुला काय वाटतं, असं विचारायला तिथं हरकत नाही. गोष्टीतली गोगलगाय चंद्रावर जाऊ शकते. गोष्ट आणि थाप यांत फरक एवढाच, की गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ती गोष्ट असल्याचं माहीत असतं.

आणि ज्याच्यासाठी मला हे पत्र लिहावंसं वाटलं ते आता. गोगलगायी खरंच अंतराळात जाऊन आल्या आहेत! २००५ आणि २००७ मध्ये रशियाच्या फोटॉन मालिकेतल्या दोन मानवरहित यानांतून जमिनीवरच्या गोगलगायी पाठवल्या होत्या. पहिल्यांदा १६ दिवस, दुसऱ्यांदा १२. वर कुठलं आणि खाली कुठलं हे गोगलगायीला तोल सांभाळणाऱ्या एका बारीक अवयवामुळे कळतं. वजनच नाहीसं झालं तर त्याचं काय होतं, हे शास्त्रज्ञांना बघायचं होतं. परत आल्यावर त्यांना डोकं खाली करून कलवलं, तेव्हा त्या न गेलेल्या गोगलगायींपेक्षा चटकन हलल्या. २००७ च्या त्याच यानाच्या बाहेरच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरचे टार्डिग्रेड, म्हणजे जलअस्वल नावाचे जीव होते. हवा नसलेल्या उघड्या अवकाशात सुमारे दहा दिवस काढून त्यांतले कित्येक जगले. आत गोगलगायी, बाहेर जलअस्वलं. तुमच्या लेकीच्या पुस्तकातही एवढी मजा नसेल.

तिला पाठीवर घर घेऊन फिरणारे प्राणी आवडत असतील, तर कासवंही आहेत. सप्टेंबर १९६८ मध्ये झाँड-५ या सोव्हिएत यानातून दोन कासवं चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली. माणूस चंद्राभोवती गेला तो अपोलो-८ या अमेरिकी यानातून, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे कासवांनंतर तीन महिन्यांनी. पुढे अभ्यासासाठी त्या कासवांचं विच्छेदन केलं गेलं. तिनं 'मग ती कुठं गेली?' असं विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर आत्ता सांगायची गरज नाही. सगळंच्या सगळं न सांगणं आणि खोटं सांगणं यांत बरंच अंतर आहे. लायकाही तशीच. लेक आठ-नऊ वर्षांची होईल तेव्हा लायकाचं नाव कुठून तरी तिच्या कानावर येईलच. तोपर्यंत तुम्ही खरं सांगणारा बाप झालेले असा म्हणजे झालं.

हातांना काम हवं असेल, तर पावसाळी दिवशी गोगलगाय शोधा. बरणीत घालायची नाही. आहे तिथंच, सावलीत, शेजारी पट्टी धरून मोजा, एका मिनिटात किती जाते. समजा, ती सेकंदाला साधारण १ मिलिमीटर जाते. या वेगानं, न थांबता, सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरच्या चंद्रावर पोचायला तिला १२ हजार वर्षं लागतील. हा हिशेब लेकीला कळणार नाही, पण '१२ हजार वर्षं' म्हणायला तिला भारी आवडेल. शंख धरून ओढू नका. शक्यतो हात लावू नका, आणि लावलाच तर साबणानं धुवा, त्यांच्या अंगावर माणसाला आजारी पाडणारे परजीवी असू शकतात. कोरड्या दिवसांत शंखाच्या तोंडावर पापुद्रा धरलेली, न हलणारी गोगलगाय दिसली तर ती मेलीच असेल असं नाही. वाळलेल्या चिकट रसानं दार लावून त्या महिनोन् महिने झोपून राहतात. तुमच्या बरणीतली मेलीच होती, वास आला म्हणजे शंका नाही. हे पुढच्यासाठी सांगितलं, नाहीतर लेक एखाद्या झोपलेलीला पुरून यायची.

राहता राहिला तो फोटो. ज्या ज्या नातेवाइकांना पाठवलात त्यांना लेकीशी बोलण्याच्या आधीच एक ओळ लिहून कळवा. नाहीतर तुम्ही सगळं नीट सांगून झाल्यावर संध्याकाळी कुणीतरी आत्या फोनवर मोठ्या कौतुकानं विचारेल, "काय गं, पोचली का तुझी गोगलगाय?"